पहिला फोन

गीतांजलीचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला सज्जन समजायला नको.

आम्ही दोघं अमरावतीला एका बियाण्याच्या कंपनीत. मी नऊ वर्षांपासून, ती चार. अकोल्याच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार हे कळलं त्या दिवसापासून ती माझीच, असं मी घरी सांगून बसलो होतो. आईनं तर अकोल्याच्या घरासाठी पडद्यांचं कापडही बघून ठेवलं होतं. आणि मग साहेबांच्या, म्हणजे शेखर सरांच्या तोंडी उठता-बसता गीतांजलीचं नाव यायला लागलं. गीतांजलीचा रिपोर्ट वाचला का. गीतांजलीला विचारा. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

ती अंजनगाव सुर्जीची. तिची आई तानुबाई तिथल्या बाजारात भाजी विकते. माझी आत्या त्याच गावात दिलेली, ती तिच्याकडूनच वांगी घेते. ही गोष्ट मी ऑफिसात दोन-तीनदा सहज सांगितली. सहज म्हणजे, लोकांना कळावं म्हणून.

कोणी तिला वाईट वागवत होतं असं नाही हं. फक्त पाहुणे आले की, "गीता, चहाचं बघ ना जरा," असं तिलाच म्हणायचे. मला नऊ वर्षांत कोणी चहाचं बघायला सांगितलं नव्हतं. त्यात काय एवढं, असं मला वाटायचं.

मग कंपनीच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसातून रूपाली मॅडम आल्या. कामाच्या जागी भेदभाव कसा होतो, कोणाला काय आयतं मिळतं, यावर दिवसभराचा वर्ग. आम्ही जेवणासाठी बसलो होतो, खरं सांगायचं तर. मॅडमनी भाषण केलं नाही. एकेक कागद दिला आणि म्हणाल्या, "तुमचं सगळ्यात मोठं यश लिहा. त्यासाठी पहिला फोन कोणाला केला होता, तेही लिहा. नाव घालू नका."

मी तिवशाची विक्री लिहिली. विक्रम होता तो, अजून कोणी मोडलेला नाही. पहिला फोन: सहदेवकाका. त्यांच्या शब्दावर तिकडची पाच गावं हलतात.

मॅडम कागद वाचत गेल्या. काका, मामा, सासऱ्यांचे मित्र, वडिलांचे वर्गमित्र. सगळे हसत होते, मीही हसलो. मग एक कागद आला. "फोन करायला कोणी नव्हतं. तीनदा गेले. तिसऱ्या वेळी गावकरी 'बसा' म्हणाले."

मॅडमनी तो कागद वेगळा काढून टेबलावर ठेवला. बाकीचे गठ्ठ्यात गेले, माझा विक्रमही गठ्ठ्यातच गेला. अक्षर कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"रडगानं गायलं का नंबर लागते इथं," मी शेजारच्या प्रीतमच्या कानात म्हणालो.

"हाव ना," तो म्हणाला. तेवढंच जरा बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून हुकूम आला: अकोल्याची जागा ओळखीवर द्यायची नाही. दोघांनी अकोला जिल्ह्यातल्या एकेका अनोळखी गावात हरभऱ्याच्या बियाण्याची सभा घ्यायची, कोणाकडे किती शेतकरी येतात ते बघायचं. शेखर सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. मला मूर्तिजापूरकडचं गाव आलं. गीतांजलीला बाळापूर तालुक्यातलं आलं, आणि ते निघालं माझ्या चंद्रभानमामाचं.

तिथल्या तिथे मी सांगायला हवं होतं. गाव बदललं असतं. पण ती चिठ्ठी मला आली असती तर मी गुपचूप पेढे आणले असते, हेही तितकंच खरं. आणि माझ्या त्या अनोळखी गावात संध्याकाळपर्यंत एक सोयरा सापडलाच. आमच्यात सापडतोच.

रात्रीची वाटही न बघता मी मामाला फोन लावला.

"मामा, आमच्या ऑफिसातली एक पोट्टी येऊन राहिली तुमच्या गावात, सभा घ्याले."

"येऊ दे ना. सभामंडप उघडून देतो. कोनाची हाय?"

"अंजनगावची. माय बाजारात भाजीचं दुकान लावते तिची."

"अस्सं," मामा म्हणाला.

"मायाच जागेसाठी उभी हाय थे."

"समजलं. तू जेवला काय?"

एवढंच बोलणं. तिच्याविषयी वाईट असं एक अक्षरही मी काढलं नव्हतं, आणि ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होतो.

माझ्या सभेला चौऱ्याहत्तर माणसं आली. सोयऱ्यानं मंडप घातला, वर जेवण दिलं. तिच्या सभेला बावीस. रिपोर्टमध्ये तिनं लिहिलं होतं, "सभामंडपाची किल्ली मिळाली नाही. सभा कडुनिंबाखाली घेतली." पुढे एक शब्द नाही. तक्रार नाही, कोणाचं नाव नाही.

अकोला मला मिळालं.

"अभिनंदन, पियुषभाऊ," ती म्हणाली आणि पेढा घेतला. मी तिचा चेहरा नीट न्याहाळला. एवढी वर्षं मी जळलो, निदान एक दिवस तिनं जळावं की नाही? तिनं अर्धा पेढा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळला आणि कामाला बसली. मला जागा मिळाली होती आणि तरी मलाच चिडल्यासारखं झालं.

अकोल्याला पडदे लागले. ऑक्टोबरात हरभऱ्याची मागणी यायला लागली. माझ्या चौऱ्याहत्तरांपैकी चौघांनी बियाणं घेतलं. बाकीचे जेवून गेले होते. तिच्या बावीसपैकी एकोणीस जणांनी नोंदवलं, वर त्यांचे शेजारी. बाळापूरचा विक्रेता मला म्हणाला, "साहेब, थे म्याडम कधी येते म्हनून लोकं इचारून राहिले."

माझ्या अंगाचा भडका उडाला. असं काय पाजलं होतं तिनं त्या लोकांना? दुसऱ्याच दिवशी मी मामाच्या गावी गेलो.

मामानं ओसरीवरची खुर्ची उपरण्यानं पुसली. चहा आला. मामा खुशीत होता. "किल्ली मायाच खिशात होती ना! पोट्टी तीनदा आली इचारायले. मी म्हटलं, किल्लीवाला सासुरवाडीले गेला." मामा खो खो हसला. मीही हसायला तोंड उघडलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.

तेवढ्यात एक म्हातारी आली, वच्छलाबाई. तिच्या हातात पोत्याच्या ओल्या तुकड्याची गुंडाळी होती. ती पायरीखालीच थांबली.

"म्याडम नाई आली काय?"

"तिच्या जागी आता मी आहे," मी म्हणालो.

"तू कोनाचा?"

हा प्रश्न मला आवडतो. आयुष्यभर माझं काम याच प्रश्नावर चाललंय. "चंद्रभानरावांचा भाचा."

"ते झालं," ती म्हणाली. "तुले काय येते?"

मामाच्या कपाळाला आठी पडली. "अवं, साहेब हायेत ते."

तिनं ऐकलं नाही. पायरीवर पोतं उलगडलं. आत हरभऱ्याचे दाणे ओळीनं मांडलेले, बहुतेकांना पांढरे कोंब. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे आणि पाचव्या दिवशी किती उगवले ते मोजायचे, ही साधी परीक्षा. मला ठाऊक होती. नऊ वर्षांत मी ती एकदाही कोणासमोर केली नव्हती. गरजच पडली नव्हती.

"तिनं शिकवलं आमाले," वच्छलाबाई म्हणाली. "निंबाखाली बसून सगळ्याईचं बांधून घेतलं, पाचव्या रोजी मोजाले परत आली. ज्याचं चांगलं उगवलं त्याले म्हने, इकत घेऊ नका, घरचंच पेरा. मायं तवा साठच उगवलं, म्हनून मी तिच्याकडचं घेतलं. आता हे जाऊबाईचं हाय. पेरावं का नाई, सांग."

पाचव्या दिवशी ती परत आली होती. तोवर निकाल लागून अकोला मला मिळालं होतं.

मी खुर्चीतून वाकून मोजायला लागलो.

"खाली बस ना रे. तिथून दिसते काय?"

मामाच्या देखत मी पायरीवर बसलो. मोजले. अठ्ठ्याऐंशी उगवले होते.

"घरचंच पेरा," मी म्हणालो. "घ्यायची गरज नाही."

"तिनंबी हेच सांगतलं असतं," ती म्हणाली आणि पोतं गुंडाळून निघून गेली. शाबासकी मिळाली तीसुद्धा गीतांजलीच्या मापानं.

त्या एकोणीस जणांपायी मला तिचा इतका हेवा वाटला की काय सांगू. माझ्या चौऱ्याहत्तरांतला एकही माणूस माझ्यासाठी आला नव्हता. ते सोयऱ्याच्या शब्दाखातर आले होते. तिवशाचा विक्रम काकांचा होता. एवढी वर्षं मी तिच्यावर जळत होतो ते ती माझं काही हिरावून घेईल म्हणून, आणि माझं असं तिथे काही नव्हतंच.

गावाबाहेर गाडी थांबवून मी शेखर सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, मामाचं, किल्लीचं.

ते म्हणाले, "अरे, चंद्रभानराव तर माझ्या लग्नात होते. आपल्यातच ठेव हे. कोणाला बोलू नको."

मला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभर फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तेवढीच लाजही वाटली. तीन हेलपाटे घालून तिला किल्ली मिळाली नव्हती, आणि मला एका फोनवर माफी मिळाली.

घरी येऊन मी पुण्याला रूपाली मॅडमना मेल लिहिला. त्यांनी दिला होता त्याच कागदासारखा. माझं सगळ्यात मोठं यश: अकोल्याची जागा. पहिला फोन: चंद्रभानमामा. फोनवर काय सांगितलं: गीतांजलीची आई बाजारात भाजी विकते. त्यानंतर सभामंडपाला कुलूप लागलं. या वेळी खाली नाव घातलं.

प्रतीमध्ये गीतांजलीचं नाव टाकलं. हे वाचल्यावर मॅडम पुन्हा तिचाच कागद वेगळा काढतील, अकोल्याला ती येईल, लोक तिची वाट बघत असतील, आणि माझ्या खिडक्यांचे पडदे आई उतरवेल. पोटात दुखलंच. दुखत असतानाच मी बटण दाबलं.