बसून न पाहिलेली खुर्ची

चौघांनी मिळून एक खुर्ची केली आणि चौघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. माझी नात आमच्या मागच्या खोलीत, बाकीचे तिघं तीन गावांत. डोळ्यांवर डबड्याएवढा चष्मा बांधायचा, त्यात सगळे एका खोट्या खोलीत जमतात, आणि हवेत हात फिरवायचे. दारातून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी डास मारतेय. याला म्हणे डिझाइनचं शिक्षण म्हणतात. मी चाळीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणते, दुकान आहे, पदरी सुतार ठेवलाय. शाळा चौथीत सुटली, पण खुर्ची म्हणजे काय हे मला चष्मा न लावता दिसतं.

नात गेल्या वर्षी नापास झालेली. यंदा शुक्रवारी परीक्षकांनी पुन्हा नाकारलं असतं, तर कॉलेजातून नावच कमी होणार होतं. काम दिलेलं, म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्ची.

"टोमणे मारतेस, एकदा बघ तरी," म्हणून तिनं चष्मा माझ्या डोक्यावर चढवला. बघते तर मोठा चकाचक दिवाणखाना, केर नाही, धूळ नाही. मधोमध खुर्ची, आणि भोवती तीन माणसं तरंगताहेत. कमरेखाली काहीच नाही.

"यांचे पाय कुठे गेले गं?"

"तिथे पाय नसतात, आजी. गरज नसते."

"मग खुर्ची कशाला करताय? खुंटीला अडकवा एकेकाला."

त्यातला एक दाढीवाला पुढारी होता. दाढी तिथलीच, खऱ्यात त्याला मिसरूड फुटलेलं नव्हतं. कोपऱ्यात एका पोरीच्या डोक्यावर पिवळा पंजा लटकत होता.

"हिनं हात का वर केलाय?"

"तिला बोलायचं असेल. तीन आठवडे वरच आहे. तिचं नेट अडखळतं, बोलण्याचे तुकडे पडतात, म्हणून मग..."

"म्हणून मग कुणी विचारलंच नाही."

नातीनं माझ्या डोक्यावरून चष्मा उतरवला.

मी त्यांचं चित्र मापांसकट छापून घेतलं आणि सुतारापुढे टाकलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"बाई, कागदाबरहुकूम करू की अकलेबरहुकूम?"

"कागदाबरहुकूम. चौघांची अक्कल कळू दे."

दोन दिवसांत खुर्ची उभी राहिली. दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू? बसले, तर माझे पाय लहान पोरासारखे लोंबकळायला लागले. मांड्यांना मुंग्या आल्या. उठायला गेले, तर टाच टेकेना, जोर कशावर देणार? शेवटी सुताराच्या खांद्याला धरून उतरले.

नातीनं चष्म्याला हात न लावता त्या पंजावाल्या पोरीला साधा फोन लावला. पोरगी म्हणाली, "माझे आजोबा अशाच उंच खुर्चीतून उठताना पडले. मी पहिल्याच दिवशी सांगणार होते. दोन इंच कमी करा."

दाढीवाला मात्र ऐकेना. "आता बदल नाही. उंचीवर मतदान झालंय, फाइल मी बंद केलीय."

मतदानानं खुर्ची मिळते हे ठाऊक होतं. घडतेसुद्धा, हे नवीनच.

शुक्रवारी परीक्षक तिकडे कॉलेजात चष्मे लावून बसले; इकडे मागच्या खोलीत नात, मी, सुतार आणि खरी खुर्ची, तिकडचं सगळं संगणकावर दिसत होतं. दाढीवाल्यानं खुर्ची हवेत गरगर फिरवली. "वा," एक म्हणाले. "फार हलकी वाटते," दुसरे म्हणाले. वाटणारच! तिच्यावर कुणी बसलंय कुठे? एवढ्यावर गप्प राहिली असती तर नात सुटली असती.

"सर, चष्मे काढून कॅमेऱ्यात बघता का?" नातीनं स्वतःचा चष्मा काढत विचारलं.

मी सुतारानं केलेल्या खुर्चीत बसले. लोंबकळले. उठताना धडपडले, आणि त्यात सोंग तिळभर नव्हतं.

"हे आपलं ठरलं नव्हतं!" दाढीवाला ओरडला.

"म्हणजे गटाची खुर्ची चुकली असं तुम्हीच म्हणताय?" परीक्षकांनी विचारलं.

"हो सर. आमच्यातल्या एकीला ते आधीच कळलं होतं. आम्ही तिला बोलू दिलं नाही," नात म्हणाली.

सुतारानं तिथल्या तिथे चारही पाय दोन इंच कापले. मी पुन्हा बसले, तळवे फरशीला टेकले, आणि कुणाचा हात न धरता उठले. दोनदा उठले, नीट दिसावं म्हणून.

पास झाली. चौघंही पास, चौघांना सारखेच गुण. गटाचं काम ना! दाढीवाल्यानं अहवालात लिहिलं, 'वृद्ध वापरकर्तीच्या सहभागातून उंची निश्चित केली.' मी म्हणजे वापरकर्ती. फाइलीतली खुर्ची अजून उंचच आहे; दुरुस्त करायला त्याला सवड झाली नाही.

पुढच्या आठवड्यात कॉलेजचा निरोप आला, खुर्ची पाठवा, प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवायचीय. मी दुकानात गेले, तर नात खुर्चीला गोणपाट शिवत होती. वर पत्ता घातलेला, त्या पंजावाल्या पोरीच्या आजोबांचा.

"आजी, कॉलेजला काय सांगू?"

"सांग, चष्मा लावून बघा, तिथे आहेच."