सात सह्यांचा पॉडकास्ट

सत्तावीस वर्षं मी पंख्यांच्या एका कंपनीत जनसंपर्क अधिकारी होतो आणि एवढ्या काळात जनतेशी माझा कधी संपर्क आला नाही. तशी सोयच नव्हती. माझं काम प्रसिद्धिपत्रकं लिहिण्याचं. ‘कळवण्यास अत्यंत हर्ष होतो की’ इथून निघायचं आणि ‘कंपनी सदैव कटिबद्ध आहे’ इथे थांबायचं. मध्ये या वेळचा पंखा कोणता, ते घालायचं.

पत्रक बाहेर जाण्याआधी पिवळ्या फायलीतून सात जणांकडे फिरे. पहिली सही माझी, शेवटची धाकट्या साहेबांची, मधल्या पाच वेगवेगळ्या खात्यांच्या प्रमुखांच्या. वाचत कोणीच नसे. दुसरा सही करायचा कारण पहिल्याने केलेली असायची, आणि साहेब करायचे कारण सहा जणांनी पाहिलंय म्हटल्यावर चूक राहीलच कशी? मीही वाचत नसे, कारण लिहिलेलं माझंच. पेपरात छापून आलं की कात्रण वहीत चिकटवायचो. अशा चौतीस वह्या झाल्या होत्या आणि त्यांचा मला अभिमान होता, हे आत्ताच कबूल करून टाकतो.

मग आम्ही ‘निःशब्द’ नावाचा पंखा काढला. वर्षभरात तो टकटक करू लागला. सगळे नाही, पण बरेच.

आमच्या बेडरूममधलाही करत होता. बायको दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती. मी तिला सांगत होतो की तो भास आहे. कंपनीने पंख्याला निःशब्द म्हटलंय, तेही माझ्या हातून, तर तो आवाज करेलच कसा? ती म्हणायची, “मग तुम्ही त्याला तुमचं पत्रक वाचून दाखवा, म्हणजे गप्प बसेल.”

गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी आपल्या ब्लॉगवर या टकटकीबद्दल लिहिलं. मिनिटाला किती वेळा वाजतं, तेही मोजून दिलं. खाली तीनशे लोकांनी आपापल्या घरचा हिशेब मांडला. धाकट्या साहेबांनी मला उत्तर द्यायला सांगितलं. मी लिहिलं की काही तुरळक स्वरूपाच्या सूचना प्राप्त झाल्या असून कंपनी त्यांची योग्य ती दखल घेत आहे. सात सह्या झाल्या, पत्रक गेलं. बाईंनी ते जसंच्या तसं ब्लॉगवर छापलं आणि लाल शाईने तपासलं. ‘योग्य ती’खाली रेघ मारून लिहिलं, ‘कोणती?’ ‘दखल घेत आहे’पाशी लिहिलं, ‘म्हणजे काय करत आहे?’ शेवटी दहापैकी दोन गुण दिले, अक्षर छापील असल्याबद्दल.

ते पान आमच्या ऑफिसात प्रत्येकाने वाचलं. सत्तावीस वर्षांत माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं गेलं ते तेवढं एकदाच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. नुकतेच कुठलं तरी व्याख्यान ऐकून आले होते. “पत्रकांचा जमाना गेला,” ते म्हणाले. “आता पॉडकास्ट. लोकांशी गप्पा मारल्यासारखं बोलायचं. तीन महिने देतो. लोकांनी ऐकलं तर तुमचं खातं राहील. नाही तर बंद करू आणि तुम्हाला कुठेतरी बसवू.”

कुठेतरी बसवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. टायपिंगचं खातं बंद झालं तेव्हा तिथल्या बाईंना असंच बसवलं होतं. त्या अजून जिन्याखाली बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वाजले ते सांगतात. मी त्रेपन्न वर्षांचा होतो. निवृत्तीपर्यंत जिन्याखाली बसून वेळ सांगायची माझी तयारी नव्हती.

रेकॉर्डिंगसाठी जुनी स्टेशनरीची खोली मिळाली. भिंतींना घरून आणलेल्या गाद्या टेकवल्या. माइकमध्ये घरघर येऊ लागली तेव्हा पंखा बंद करावा लागला, म्हणजे जगाला पंख्यांबद्दल सांगणारे आम्ही घामाने निथळत बसलो. पण खरी अडचण गप्पांची होती. आमच्याकडे काहीही बाहेर जायचं तर आधी सह्या. म्हणून मी गप्पा लिहिल्या आणि फाइल फिरवली. कायदेखात्याच्या बाईंनी या वेळी मात्र वाचलं, आणि जिथे जिथे ‘हवा’ शब्द होता तिथे ‘अंदाजे’ घातला. उत्पादन प्रमुखांनी माइकसमोर कागद हातात धरला आणि सगळं एका दमात वाचलं. “नमस्कार, मला इथे येऊन खूप आनंद झाला, कंसात हसतात.”

मी म्हटलं, “सर, कंसातलं वाचायचं नाही, ते करायचं.”

“मंजुरी वाचायला मिळालीय की हसायला?” त्यांनी विचारलं. तो भाग तसाच गेला. अकरा जणांनी ऐकला. त्यातला एक मी, एक माझ्या बायकोच्या फोनवरून मी.

दुसऱ्या भागाला नऊ, तिसऱ्याला सात. महिना उरला होता. चौथ्या भागाला खरेदी प्रमुख यायचे होते. त्यांची दाढ ठणकू लागली. अगदी ऐन वेळी कोणी मिळेना, तेव्हा मी तळमजल्यावरच्या दुरुस्तीखात्यात गेलो आणि तिथल्या मिस्त्रींना वर घेऊन आलो. माणूस तीस वर्षं पंखे उघडतोय, एवढंच मला ठाऊक होतं.

मी त्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी टेबलावर हात ठेवून पाहिला, टेबल डुगडुगलं. कागदाची चार पदरी घडी घालून त्यांनी ती टेबलाच्या पायाखाली सरकवली, परत हलवून पाहिलं आणि म्हणाले, “हं, विचारा.”

मंजूर झालेला सगळा मजकूर पायाखाली गेला होता. मला पहिला प्रश्न तेवढा आठवत होता. “आपल्या पंख्यांच्या दर्जाबद्दल श्रोत्यांना काय सांगाल?”

“कोणत्या वर्षीच्या?” मिस्त्रींनी विचारलं.

माझ्या उत्तराची वाट न पाहता ते आपले बोलू लागले. पूर्वीच्या पंख्यांत दांड्याच्या वरच्या टोकाला रबराची चकती असायची. चार वर्षांपूर्वी ती काढून प्लॅस्टिकची आली. ती कडक होते, झिजते आणि पंखा फिरला की दांडा हुकावर आपटतो. “त्यावर आम्ही तीनदा लिहून दिलं वर. वर म्हणजे कुठे जातं, देव जाणे. लोक बिचारे मोटर बदलून घेतात. मोटरीला काही झालेलं नसतं.”

इथे मी मशीन बंद करायला हवं होतं. माझं बोट बटणापर्यंत गेलंही होतं. पण माझ्या तोंडून निघालं, “आमच्याही बेडरूममधला वाजतो हो. दोन वर्षं. बायकोला मी भास होतो म्हणून सांगतोय. काय करायचं?”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. “आधी तिची माफी मागा,” ते म्हणाले. “मग मेन स्विच बंद करा. सायकलची जुनी ट्यूब असेल तर बोटभर तुकडा कापा. स्टुलावर चढलात की दुसऱ्या कोणालातरी स्टूल धरायला सांगा. तिलाच सांगा, म्हणजे बोलणं होईल.” मग तुकडा कुठे, कसा बसवायचा ते त्यांनी इतकं नीट सांगितलं की लहान पोरालाही कळावं. मध्ये मी आठ प्रश्न विचारले. सगळे मला खरोखरच पडलेले होते.

घरी गेलो आणि त्यांनी सांगितलं त्याच क्रमाने सगळं केलं. माफीचा भाग जड गेला. पंखा लावला. टकटक थांबली होती. बायको वर बघत पलंगावर पडली आणि म्हणाली, “दोन वर्षं. एका ट्यूबच्या तुकड्यासाठी.” मी स्टूल जागेवर ठेवून आलो.

सकाळी ऑफिसात बसून मी तो भाग ऐकला. मग पुन्हा ऐकला. चांगला होता. हा बाहेर गेला तर माझी धडगत नव्हती आणि कापला तर उरायचं कंसातलं हसू. मी कापला नाही. पेन ड्राइव्ह पिवळ्या फायलीत ठेवला, वरच्या कागदावर ठळक अक्षरांत ‘कृपया ऐकून सही करावी’ असं लिहिलं, त्याखाली पहिली सही केली आणि फाइल पुढे पाठवली. लपवाछपवी केली नाही. फक्त आमच्या लोकांना मी सत्तावीस वर्षं ओळखत होतो.

भाग बेचाळीस मिनिटांचा होता. सहा सह्या होऊन फाइल पस्तीस मिनिटांत परत आली.

पाच दिवसांत तो वीस हजार लोकांनी ऐकला. गणिताच्या बाईंनी ब्लॉगवर लिहिलं की त्यांचा पंखा गप्प झाला असून मिस्त्रींना दहापैकी दहा. माझ्याबद्दल लिहिलं, ‘प्रश्न विचारणारे गृहस्थ प्रामाणिक वाटतात, ते कंपनीचे नसावेत.’ पेपरवाल्यांनीही उचललं. प्लॅस्टिकची चकती कोणी बसवली, हे ते विचारू लागले.

साहेबांनी बाकीच्या सहाही सह्यावाल्यांना केबिनमध्ये उभं केलं. चेहरा लालबुंद. फाइल समोर होती, आणि तिच्यावर सर्वांत खाली त्यांची स्वतःचीच सही असल्याने त्यांना ओरडायला नीट जागा मिळत नव्हती. ते एकेकाला विचारत गेले, “तुम्ही ऐकलं होतं?”

उत्पादन प्रमुख म्हणाले, गडबडीत राहून गेलं. कायद्याच्या बाईंचा स्पीकर बिघडला होता. खरेदी प्रमुखांची दाढ दुखत होती. बाकीच्या दोघांनीही नकारार्थी मान हलवली. प्रत्येक ‘नाही’बरोबर खोली जरा मोकळी होत गेली. कोणीच ऐकलं नाही म्हणजे चूक कोणाचीच नाही, पद्धतीची. आता मीही नाही म्हटलं असतं तर चहा आला असता. साहेबांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की त्यांनाही तेच हवंय.

“तुम्ही?”

“मी ऐकलं होतं,” मी म्हणालो. “दोनदा.”

कोणीतरी खोकलं. साहेबांनी विचारलं, “आणि थांबवलं का नाही?”

“खरं होतं म्हणून.” ते मागे घ्यावंसं मला वाटलं नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. पुढच्या महिन्यापासून गाजावाजा न करता रबराची चकती परत आली. लोकांनी ऐकलं तर खातं राहील, हा शब्दही त्यांना आठवत असावा, कारण निर्णय सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. खातं बंद झालं. पॉडकास्ट एका जाहिरात कंपनीकडे गेला. आता त्यात दोन तरुण मुली कंसाशिवाय हसतात. मला तळमजल्यावर, मिस्त्रींच्या शेजारी, तक्रारींच्या फोनवर बसवलं. चौतीस वह्या मी वरच ठेवून आलो. खुर्ची बसकी होती, खोलीला ग्रीसचा वास होता. पहिल्या सकाळी मला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. सात महिन्यांची टकटक, दोन अर्ज, एक नोटीस, सगळं त्यांनी कागद बघून वाचून दाखवलं. भांडायच्या पूर्ण तयारीत होते. मी शेवटपर्यंत ऐकलं.

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हणालो. “चूक आमची आहे. उद्या माणूस पाठवतो.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. भांडायचा पुढचा मुद्दा शोधत असावेत.

“अहो,” ते शेवटी हळूच म्हणाले, “तुम्ही नक्की कंपनीतूनच बोलताय ना?”