मुखरूभाऊंची बिनहॉर्नची जीप

मित्रांनो, मी एक जुनी पोलीस जीप आहे, आणि बोलायला लागले की तीन शेतांपलीकडे ऐकू जाते. या आवाजाचा मला फार तोरा होता. आता नाही.

१९८९ साली मी कारखान्यातून चंद्रपूर जिल्ह्यात आले. गडद निळा रंग, कोरी ताडपत्री, टायरांना नव्या रबराचा वास. चावी मुखरूभाऊंच्या हाती आली. माणूस शांत, तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा. पहिल्याच पावसाळ्यात माझा हॉर्न बंद पडला. दुरुस्तीचा एक अर्ज गेला, दुसरा गेला, मग कुणी विचारलंच नाही. मुखरूभाऊ म्हणायचे, "हिले हॉर्न कायले पाह्यजे? हिचं बोनटच बोंबलते."

खोटं नव्हतं ते. शेजारच्या जिल्ह्यात, एटापल्लीच्या जंगलात बंदोबस्ताला गेले तर मोहफुलं वेचणाऱ्या बाया मी दिसायच्या आतच वाट सोडून उभ्या असत. एकदा चामोर्शीकडे पुरात अडकलेली माणसं मी चिखलातून बाहेर काढली, तेव्हा मोठ्या साहेबांनी माझ्या बोनटवर थाप मारली होती. आठवडाभर मी हवेत होते.

मुखरूभाऊंचं गाव नागभीडच्या रस्त्यावर. धानाची कापणी झाली की तिथल्या बाया डांबरी रस्त्यावरच धान वाळू घालतात. रस्त्याकडे पाठ करून बसतात, सुपाने पाखडतात, गप्पांना ऊत येतो. मागे वळून कोण बघतो? सगळा भरवसा कानांवर. माझा आवाज आला की म्हातारी सुगंधाबाई म्हणे, "उठा वो, मुखरूभाऊची गाडी आली." बाया उठत. मुखरूभाऊंची बायको शकुबाई सगळ्यांत शेवटी उठे, पदर सावरत, हसत. सरकारी गाडीत घरच्या माणसाला बसवायचं नाही, हा मुखरूभाऊंचा नेम. त्यामुळे ती माझ्यात कधी बसली नाही.

वर्षं गेली. माझा धूर काळा झाला, पत्रा सडला. आधीच शहरात कोळशाची धूळ, त्यात माझ्यासारख्यांचा धूर. २००७ साली साहेब लोकांच्या मनात आलं, की पोलिसांना बॅटरीवरच्या गाड्या घ्याव्यात का? पारखायला एक गाडी आली. पांढरी, गुळगुळीत, चालते की उभी आहे तेच कळू नये. ती चालवायला मुखरूभाऊंना निवडलं. त्यांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती.

आदल्या दिवशी ते मला पुसत होते, पण बोलत होते तिच्याबद्दल. "शकूले उद्या दाखवतो. ना धूर, ना आवाज. रिटायर होताना साहेबाले इचारून एक चक्कर मारून आणतो तिले." मला भारी राग आला. अठरा वर्षं राबले मी, आणि बायकोला मिरवायचं दुसरीत!

नोव्हेंबरची सकाळ. दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने न्यायच्या होत्या. नवी पुढे, मी मागे. मला भूपेश नावाचा तरुण शिपाई चालवत होता. नव्या गाडीतल्या साहेबांना धूर नको, म्हणून मला बरंच लांब, तीन शेतांच्याही मागे ठेवलं होतं.

पुढे मुखरूभाऊंचं गाव आलं; तिथे काय झालं ते मी नंतर ऐकलं. बाया रस्त्यावर बसल्या होत्या, पाठमोऱ्या. मुखरूभाऊंनी त्यांना पाहिलं. आता उठतील, असंच त्यांना वाटलं. अठरा वर्षं त्या उठतच आल्या होत्या. हॉर्नचं बटण हाताशी होतं, पण त्यांचा हात तिकडे गेलाच नाही. सवय नव्हती हो! ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता. बाकीच्या बाया ओरडून बाजूला झाल्या. शकुबाई राहिली.

मी पोहोचले तेव्हा धान लाल झालं होतं. निजवायला जागा माझ्यातच होती, म्हणून तिला माझ्यात ठेवलं. मुखरूभाऊंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. भूपेशने मला जीव खाऊन पळवलं, आणि मीही पळाले. इंजिन तापून फुटलं असतं तरी चाललं असतं.

"अजी," ती म्हणाली, "मले तुमची गाडी ऐकूच नाई आली."

"माहीच चूक आहे, शकू. तू बोलू नको."

पुढे ती बोललीच नाही. दवाखाना चार किलोमीटर राहिला होता.

नंतर चौकशी बसली. साहेबांनी विचारलं, "गाडीत काही दोष होता?" दोष आहे म्हटलं असतं तर मुखरूभाऊ सुटले असते. ते म्हणाले, "गाडी चांगली होती साहेब. मी हॉर्न नाई देल्ला."

तरी बॅटरीच्या गाड्या नकोच असं ठरलं. "जुनी जीपच बरी," साहेब म्हणाले. मला नवा रंग दिला, नवा हॉर्नही बसवला. एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि मला ते सोसवत नाही. त्या माणसाच्या हाताची सवय मीच बिघडवली होती.

मुखरूभाऊंच्या हातून स्टिअरिंग गेलं. आता ते ठाण्याच्या फाटकाशी स्टुलावर बसतात. रोज सकाळी भूपेश मला सुरू करतो, आणि माझा आवाज निघाला की ते डोळे मिटून घेतात. एकदा भूपेश म्हणाला, "भाऊ, दुसऱ्या ठाण्यात बदली मागून घ्या ना." ते म्हणाले, "हिचा आवाज शकूच्या वळखीचा आहे बाबा. कुठी जाऊ?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आपली गोष्ट सांगणारी आमच्यातली प्रत्येक वस्तू सांगते. मी उलटं मागते. मला मोडीत काढा, माझे विळे करा, खिळे करा, पण मला सुरू करू नका. आणि जपायचंच असेल तर फाटकाशी बसलेल्या त्या माणसाला जपा. त्यांचा खानावळीचा डबा हल्ली तसाच परत जातो. जाता-येता त्यांना विचारा, भाऊ, जेवले का?