नारळ फोडलेली गाडी

“हे का वागणं झालं? मी कालपासून फोन करून राहिली, अन् ही बया उचलतच नाई!”

गिरजाबाईंनी मोबाइल तांदळाच्या पोत्यावर असा टाकला की शिवणीतून कोंडा उडाला. मग स्वतःच तो उचलला, पदराने पुसला आणि पुन्हा तोच नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. वीरगंजच्या बाजारात, नेपाळ सीमेच्या त्या अंगाला, सुशीलेच्या दुकानात ती वाजत असणार आणि सुशीला तिच्याकडे बघत बसली असणार, याबद्दल गिरजाबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“नेटवर्क नसेल, बाई,” फकिरा मिस्त्री म्हणाला. राइस मिलच्या पॉलिशरचा पट्टा बदलता बदलता तो मघापासून ऐकत होता.

“नेटवर्क नसतं तं घंटी वाजली असती का रे? मले शिकवून राहिला!”

मिलच्या फाटकात ट्रक उभा होता. तोंड बाहेर, जामुलच्या रस्त्याकडे, ताडपत्री चहूबाजूंनी कसलेली, बंपरवर हळदीकुंकवाची बोटं. समोरच्या फरशीवर नारळाच्या पाण्याचा डाग वाळून गेला होता आणि करवंटीचे तुकडे मुंग्यांनी साफ केले होते. ड्रायव्हर सावलीत आडवा झाला होता. तोही आता कोणाला काही विचारत नव्हता.

नारळ फोडलेली गाडी परत रिकामी करायची नाही, ही या मिलची रीत. गिरजाबाईंचे यजमान देवाजी दुर्गजवळच्या स्टील प्लांटात, रेल मिलमध्ये होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ही छोटी राइस मिल टाकली आणि प्लांटातली शिस्त इथं आणली. घेणाऱ्याचा ‘पाठवा’ असा शब्द आला की नारळ, आणि नारळ फुटला की गाडी निघालीच. एकदा ट्रकवाल्यांचा संप लागला तर देवाजी आठवडाभर केबिनमध्ये झोपले, पण एक कट्टा खाली उतरू दिला नाही. ते गेल्यावर गिरजाबाईंनी ती रीत त्यांच्याहून कडक केली होती.

आणि या वेळी त्यांनी स्वतःच ती अर्धी मोडली होती. शब्द यायच्या आधीच नारळ फोडला होता. सुशीलेला काय विचारायचं? प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नेपाळी वॉचमनची ती पोरगी. तिची आई आजारी असायची, म्हणून शाळेतून आली की सरळ गिरजाबाईंच्या स्वयंपाकघरात. तिथंच ती मराठी बोलायला शिकली, तिथंच गिरजाबाईंच्या शिव्या खायला शिकली. लग्न होऊन वीरगंजला गेली, नवऱ्याचं किराणा दुकान तिनं वाढवलं, आणि तेव्हापासून या मिलचा तांदूळ तिच्याकडे जात होता. दर दिवाळीला गिरजाबाई ऐकणाऱ्याला ऐकवत, “मी त्या पोरीले पोसलं, अन् आता तिच्या सगळ्या गावाले पोसून राहिली.”

मग मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात सरकारनं पांढऱ्या तांदळाची परदेशची वाट बंद केली. सुशीलेची भरलेली गाडी सीमेवरच्या रक्सौलहून माघारी आली. गिरजाबाई मुलाला, देवेंद्राला, घेऊन दुर्गला एका ऑफिसात जाऊन बसल्या. साहेब समजावून सांगत होता, माताजी, परदेशाचा मामला आहे. “सेक्टर सहात वाढलेली पोरगी परदेश कवापासून झाली?” असं विचारून त्या उठून आल्या होत्या. काम काही झालं नव्हतं. आता, वर्ष उलटून गेल्यावर, वाट खुली झाली होती. पहिली गाडी सुशीलेचीच आणि तीही दसऱ्याच्या आत, असं त्यांनी मिलच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

स्कूटर लावून देवेंद्र आत आला. हेल्मेट काढायच्या आधीच त्यानं ट्रककडे पाहिलं.

“अजून इथंच? आई, तुले किती सांगायचं? सोड ना. विझागचा व्यापारी जहाज लावून बसला आहे. आत्ता हो म्हणतो तो, उद्या म्हणेल की नाई, काय भरवसा?”

“माहा शब्द गेला आहे.”

“कोणाले गेला? जी फोनच नाई उचलत तिले?”

ते गिरजाबाईंना लागलं. फकिरासमोर जाऊन त्यांनी हात पुढे केला.

“तुहा फोन दे.”

फकिरानं तेलाची बोटं पँटला पुसून फोन दिला. नंबर लावला, आणि अनोळखी नंबर असल्यानं तो पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“हॅलो, कौन?”

“तुही माय बोलून राहिली.”

पलीकडे दुकानात कोणीतरी मापटं खाली ठेवलं.

“काकू...”

“काहून, ओळखलं न्? माह्या नंबरले का इचू डसला? गाडी भरून उभी आहे. दसरा, तुमची दसाईं, तोंडावर आली. तू फक्त पाठवा म्हण, परवा माल तुह्या दारात.”

“काकू, गाडी नका पाठवू.”

देवेंद्रानं मान वर केली. गिरजाबाईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“का म्हणली?”

“तांदूळ नको, काकू. म्हणूनच फोन नव्हते उचलत. तुम्हाला ‘नको’ कसं सांगणार, बताइए.”

“माह्या तांदळात किडे पडले? का कोणी सस्ता देऊन राहिला?”

“नाही, काकू. ऐका तर.” सुशीलेची मराठी इतक्या वर्षांत पातळ झाली होती, मध्येमध्ये हिंदी वर यायची, पण ती आता थांबत थांबत, नीट बोलू लागली. “त्या वेळी गाडी परत गेली ना, तेव्हा लोक माझ्या दुकानासमोर उभे होते. मी म्हणत होते, काकू भेजेगी, काकू नक्की भेजेगी. तुमचा दोष नव्हता, मला माहीत आहे. पण मला लाज वाटली. माझ्या दुकानाची चावी दुसऱ्याच्या खिशात आहे, असं वाटलं. मग मी आजूबाजूच्या गावांत गेले. बायांना म्हटलं, लवकर पिकणारं धान लावा, विकू नका कोणाला, मी सगळं घेईन. त्यांचंच कोठार केलं, गावातच. आज ते भरलं आहे. दसाईंला पहिल्यांदा आमच्याच धानाचा तांदूळ विकते आहे मी.”

“मंग माहा बी ठेव बाजूले. खपते.”

“तुमचा स्वस्त पडतो, काकू. तुमची गाडी बाजारात उभी राहिली की त्यांचं पडून राहील. पुढच्या साली कोणती बाई माझ्या शब्दावर धान लावेल?”

फोनचा आवाज मोठा होता. देवेंद्रानं सगळं ऐकलं होतं. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात, जणू आईची अडचणच सोडवतो आहे असा, म्हणाला,

“आई, कागद तं वीरगंजचेच बनले आहेत. नारळ फुटला आहे, गाडी रिकामी करता येत नाई, तूच म्हणतं. मंग जाऊ दे तिकडंच. तिथल्या दुसऱ्या दुकानदाराचा नंबर आहे माह्याकडं. दसाईंच्या बाजारात हातोहात जाईल. तिले नसेल घ्यायचा तं नको घेऊ.”

“नाही भय्या,” फोनमधून आवाज आला. “भय्या, असं नका करू.”

गिरजाबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग ट्रककडे. बंपरवरची हळद उन्हात गडद दिसत होती. गाडी पाठवली असती तर रीत राहिली असती, बोललेला शब्द राहिला असता, पोरगाही खूश झाला असता. आणि ज्या पोरीनं आपल्याला नाही म्हटलं, तिला धडाही मिळाला असता. ‘मी सगळ्या गावाले पोसते’ हे पुन्हा म्हणायला त्या मोकळ्या झाल्या असत्या.

“काकू,” सुशीला घाईघाईनं बोलत होती, “जेठ-असारात, पावसाच्या तोंडावर, आमचं कोठार तळाला जातं. धान शेतात असतं, घरात नसतं. तेव्हा मागेन मी. तेव्हा पाठवाल? आणि तुमच्याकडे कधी पाणी दगा देऊन गेलं, तर मला सांगा. इकडून मी पाठवीन.”

“तू मले पाठवशील?”

“का नाही? गाडी काय एकाच बाजूनं चालते?”

असं गिरजाबाईंना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. तो रागानं की कशानं, हे फकिरालाही कळलं नाही. त्या चालत ट्रकपाशी गेल्या. फोन हनुवटी आणि खांद्याच्या बेचक्यात धरला आणि दोन्ही हातांनी ताडपत्रीच्या दोराची गाठ ओढू लागल्या. गाठ घट्ट होती. बोटं पांढरी पडली.

“बाई!” फकिरा धावत आला. “नारळ फोडला आहे, बाई.”

“मीच फोडला न्. न विचारता फोडला, तं चूक बी माहीच. धर तिकडून.”

“आई, काय करून राहिली तू?” देवेंद्र ओरडला. “बाबा असते तं...”

“तुहे बाबा असते तं त्याईले बी हेच सांगतलं असतं. हमाल बोलाव. कट्टे आत घे. अन् तुह्या त्या विझागवाल्याले दुसरी गाडी भर. ही आज कुठंच जाणार नाई.”

“लोक हसतील.”

“हसू दे. हसणाऱ्याचं नाव मले येऊन सांगजो.”

मग फकिरानं पलीकडची गाठ सैल केली आणि ताडपत्री एका अंगानं घसरली. ड्रायव्हर उठून बसला. गिरजाबाईंनी फोन हातात घेतला. पलीकडे सुशीला कधीपासून बोलत होती.

“काकू? काकू, काय आवाज येतो आहे? नाराज झालात? कुछ तो बोलिए.”

“बोलतो. आता तू चूप राह्य अन् आयक.” गिरजाबाईंचा आवाज मिलच्या अंगणात सगळ्यांना जाईल इतका चढला. “दार आमी लावलं होतं. तू आमच्या उंबऱ्यावर हात पसरून बसली नाई, आपली चूल मांडली, हे तू बरोबर केलं. त्यात तुहा काईच गुन्हा नाई. गुन्हा एकच केला तुनं, सुशीला. मले नाई म्हणाले तू भ्याली. मी का सरकार आहो?”