भरल्या टाकीचा वास

उरण नाक्याच्या अलीकडे कमळाकर मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. दयारामशेटची काळी मोटार तिथे तिसऱ्यांदा येऊन उभी राहिली, तेव्हा कमळाकरनं हातातला पाना खाली ठेवला. दुखणं तेच असणार, विचारायची गरज नव्हती.

"परत वास," दयाराम उतरता उतरता म्हणाला. "नाकात नाय, डोक्यात जातो. आता तुमीच सांगा, मिस्त्री."

दयारामचं जासईला मिठागर होतं. लढाईच्या आधीची ही गाडी त्यानं पन्नास साली मुंबईच्या एका पारशाकडून घेतली होती. गाडी दोन वर्षं नीट चालली. या पावसाळ्यानंतर मात्र तिला पेट्रोलचा वास यायला लागला. पहिल्या खेपेला कमळाकरनं कार्बुरेटर उघडून साफ केला, त्यातला फ्लोट बदलला. दुसऱ्या खेपेला पंपाचा पडदा बदलला, तांब्याच्या नळीचे नट नवे बसवले. दोन्ही वेळा स्वतः खांदा गावच्या माळापर्यंत गाडी फिरवून आणली आणि "वास गेला" असं छातीठोक सांगितलं. दोन्ही वेळा तो तोंडघशी पडला होता.

पण आता गोष्ट नुसत्या तोंडघशी पडण्याची राहिली नव्हती. दयारामची मुलगी शकू पेणला दिली होती. तिला सातवा लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पंधरा दिवसांपूर्वी दयाराम तिला आणायला गेला. कर्नाळ्याच्या चढावर पोर ओकून ओकून अशी गळून गेली की गाडी वळवून तिला पुन्हा सासरी पोचवावं लागलं. तिची सासू कृष्णाबाई दारातच म्हणाली, "गुरुवारी पुन्यांदा या. वास नसंल तर न्या. असंल तर बाळंतपण हितंच व्हईल. एस्टीच्या धक्क्यात मी तिला धाडायची नाय."

"तिच्या आयशीनं खोली सारवून ठेवलीय," दयाराम म्हणाला. "आज सोमवार."

कमळाकरनं बॉनेट उघडलं. कार्बुरेटर कोरडा. पंप कोरडा. नळीवरून बोट फिरवलं, बोटही कोरडं. आपल्याला काही येत नाही, इतकी वर्षं नुसते नट आवळत आलो, असं त्याला वाटून गेलं. मग त्यानं विचारलं, "शकूताई कुठे बसली होती?"

"मागं. दुसरी कुठं बसंल?"

मागे! आपण दोन्ही वेळा पुढे बसून गाडी फिरवली होती. कमळाकर मागच्या बाजूला गेला, टाकीचं झाकण काढलं आणि आत काठी घातली. काठी जेमतेम दोन बोटं भिजली.

"शेट, जासईहून एवढ्याशा पेट्रोलवर आलात? पेणला जातानाही एवढंच असतं?"

"छे! लांब जायचं तर जाता-येता टाकी गळ्यापर्यंत भरून..." दयाराम बोलता बोलता थांबला आणि उगाच नाक्याकडे बघू लागला.

गाडी चालवणारा चांगो चाकापाशी उकिडवा बसला होता. त्याला हसू आवरेना. "सांगा ना शेट. नायतर मी सांगतो. मिस्त्री, तुमच्याकडं यायचं म्हनलं का शेट आदुगर रबरी नळी लावून पेट्रोल काढायला लावतात. दोन डबे घरी खाटेखाली हायत."

"गप रे!" दयाराम म्हणाला, आणि मग कमळाकरकडे न बघता, "तुमच्यावर संशय नाय, मिस्त्री. सवय लागलीय. लढाईत पेट्रोल कुपनावर होतं, तवा सगलेच काढून ठेवायचे. गॅरेजात गाडी दिली का टाकी रिकामी परत यायची."

"माझ्या गॅरेजातून?"

"तुमच्या नाय. सगलीकडं."

कमळाकरच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. 'घेऊन जा तुमची गाडी' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण सारवलेली खोली त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि शिवाय चूक अर्धी आपलीही होती. टाकी पहिल्याच दिवशी बघायला कुणी हात धरला होता?

"जेवल्यावर पोट दुखतं," तो म्हणाला, "आणि वैद्याकडे आणता उपाशीपोटी! चांगो, एस्टीनं जा आणि दोन्ही डबे घेऊन ये. कंडक्टर डबे घेणार नाही, तेव्हा येताना मिठाचा ट्रक धर. आणि ती बिडी कानावरच राहू दे."

दुपारी डबे आले. कमळाकरनं टाकी काठोकाठ भरली आणि पुढची चाकं फळ्यांवर चढवून गाडी चढावर असल्यासारखी उभी केली. डिकीतलं गोणपाट ओढून काढलं. खालचा पत्रा गंजून चाळण झाला होता. तो उचलला आणि टाकीच्या पाठीवर बायकोकडून आणलेली रांगोळी पसरली. तिघे वाकून बघत राहिले. थोड्या वेळानं पांढऱ्या रांगोळीत मागच्या कडेला एक ओला ठिपका उमटला. मग दुसरा. मग चार बोटं लांबीची ओली रेघ.

"डिकीत काय नेता?"

"मीठ," दयाराम बारीक आवाजात म्हणाला. "बाजाराला दोन-तीन गोणी."

ओल्या गोणींचं पाणी महिनोन् महिने टाकीवर ठिबकलं होतं. भोकं वरच्या अंगाला होती, म्हणून टाकी अर्धी असताना काही कळत नव्हतं. टाकी भरून चढाला लागलं की पेट्रोल मागे सरायचं आणि वास थेट मागच्या बाकावर यायचा.

कमळाकरनं टाकी उतरवली, रिकामी केली, सोड्याच्या उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली आणि एक दिवस उन्हात पालथी घातली. बुधवारी तिच्यात भोकांच्या खालपर्यंत पाणी भरलं, म्हणजे आत वाफेला जागा राहू नये. तरीही डाग देताना त्यानं दयारामला रस्त्यापलीकडे उभं केलं. तांब्याची पट्टी बसवली, डिकीला नवा पत्रा ठोकला.

गुरुवारी सकाळी टाकी पुन्हा काठोकाठ भरली. वास येत नव्हता. पण तीस वर्षं पेट्रोलात बुडालेल्या नाकावर विश्वास किती ठेवायचा? त्यानं घरात जाऊन बायकोला सांगितलं, "चंद्रावती, लुगडं बदल. पेणला जायचंय."

"मी? गाडीतून?" तिनं हातातलं पीठ झाडलं. "जन्मभर गाड्या दुरुस्त केल्यात, एकदा बसवलं नाहीत. आज काय नडलं?"

"तुझं नाक नडलंय."

ती मागे बसली, काचा बंद. कर्नाळ्याचा चढ लागला तशी कमळाकरनं पुढच्या बाकावरून मान वळवली.

"वास येतोय," चंद्रावती म्हणाली.

दयारामनं डोळे मिटून घेतले.

"कसला?"

"ओल्या गोणपाटाचा. आणि चांगोच्या तेलाचा."

"खोबऱ्याचं हाय, वहिनी," चांगो म्हणाला. "जत्रेतलं."

पेणला कृष्णाबाई पदर खोचूनच बाहेर आली. कुणाशी न बोलता तिनं मागचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. दयाराम उन्हात घाम पुसत उभा होता. शेवटी ती म्हणाली, "काचा लावून चांगोला दोन चकरा मारू दे. मी बसते." गाडी दोनदा गावाबाहेर जाऊन आली. उतरल्यावर कृष्णाबाईनं घरात हाक मारली, "शके, बोचकं आन. आन बारशाचं आमाला येलेवर कळवा."

परतताना चढ लागला. कमळाकरचं सगळं लक्ष मागे होतं. इंजिन कुंथत होतं, टाकी पेणला पुन्हा काठोकाठ भरून घेतली होती, आणि शकूनं तोंडाशी धरलेला पदर अजून सोडला नव्हता. खिंड ओलांडून गाडी उताराला लागली, तेव्हा पदर आपसूक तिच्या मांडीवर पडला. तिचं डोकं चंद्रावतीच्या खांद्यावर कललं होतं.

"झोपली," चंद्रावती हलकेच म्हणाली. "चांगो, खड्डे बघ जरा."