टोल न पडलेलं नाव

पहिलं नाव. दोर खाली. ठण्ण.

फिटरचा खांदा कुरकुरला. पंपहाऊसमध्ये आयुष्यभर पाने फिरवून तो कधीच कामातून गेला होता. तरी वर्षातला हा एक रविवार त्याने कुणाला दिला नव्हता. चर्चच्या मंडळीतले जे जवान लढाईत पडले त्यांची नावं पाळक वेदीपाशी घ्यायचे, आणि मनोऱ्यातून फिटर प्रत्येक नावाला एक टोल द्यायचा. त्या नावांत त्याचा मुलगाही होता.

दुसरं नाव. ठण्ण.

काल शिवणवाली बाई दारात येऊन उभी राहिली. वेदीवरची वस्त्रं तीच शिवते.

"भाऊ, माझ्या पोराला एक टोल द्या. नाव नका घेऊ हवं तर."

तिचाही मुलगा फौजेतच होता. छावणीत काविळीने गेला.

"कमिटीला विचारलंत?"

"विचारलं की. अध्यक्ष म्हणाले, गोळी लागून गेला असता तर प्रश्नच नव्हता." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "आता कुठून आणू गोळी?"

"बघतो," फिटर म्हणाला. बघण्यासारखं काय होतं, देव जाणे.

तिसरं. ठण्ण.

संध्याकाळी पाय ओढत तो अध्यक्षांकडे गेला.

"फिटर, तुम्ही तरी समजून घ्या. हा मान रक्त सांडलेल्यांचा. तुमच्याच मुलाचा मान आहे."

"प्रभू मेला तेव्हा त्याने कुणाशी लढाई केली होती?"

"प्रभूची गोष्ट वेगळी."

"वेगळीच. पण जमतो आपण त्याच्याच घरात ना?"

"हे बघा, मी खाली बोटांवर टोल मोजत असतो. एक जरी जास्त पडला, तर पुढच्या वर्षी दोर दुसऱ्याच्या हातात."

वाद घालायचं त्राण नव्हतं. घरी येऊन तो बूट न काढताच आडवा झाला.

चौथं. ठण्ण.

आणि मग ते नाव, त्याच्या पोराचं.

दोर हातात होता. फिटरने तो ओढला नाही. नुसता धरून उभा राहिला, दार उघडायची वाट बघत माणूस उभा राहतो तसा. खाली कुणीतरी खोकलं. पाळक थांबले, थोडे जास्तच थांबले. मग पुढचं नाव. ठण्ण. त्याच्या पुढचं. ठण्ण.

नावं संपली. पाळकांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले.

ठण्ण.

जिन्यातल्या झरोक्यातून फिटरने खाली पाहिलं. अध्यक्ष आपल्या बोटांकडे बघत होते. हिशोब बरोबर होता, भांडायचं कशावरून? शेवटच्या बाकावर शिवणवालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

अध्यक्षांची त्याला धास्ती नव्हतीच. धास्ती होती ती बायकोची. वाटेत ती दोन पावलं पुढेच चालत होती. घरी आल्यावर मलमाची डबी घेऊन त्याच्या मागे बसली.

"हात चुकला का हो?"

"नाही."

"मग मला विचारायचं तरी होतं. तो काय एकट्या तुमचा होता?"

ती जोर लावून खांदा चोळू लागली. राग तिच्या अंगठ्यात उतरला होता. फिटरने दात आवळले. बराच वेळ ती चोळत राहिली.

"त्याच्या नावाला तुम्ही दरवर्षी घाई करता," ती मग म्हणाली. "बाकीच्यांना नीट थांबता. त्याचं नाव आलं की पाळकांच्या तोंडातून बाहेर पडतं न पडतं तोच ठण्ण. पुढचं सगळं बुडून जातं."

"असं?"

"आज सगळं ऐकलं. पाळक पूर्ण नाव घेतात हो. मधे तुमचंही येतं."

तिचा हात चोळायचा थांबला होता, पण खांद्यावरून तिने तो काढला नव्हता.