टकलूमामांचा बाक

मी एक जुना बाक आहे, आणि आधीच सांगतो मित्रांनो, माझं डोकं फिरलेलं आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुकानातल्या आरशाकडे जा, सगळ्यांना खूश करणं त्याचं काम.

सुताराने मला घडवलं ते न्हावीदादांच्या दुकानासाठीच. तिथे एक रीत होती. नंबर आला की माणूस शेजाऱ्याला म्हणायचा, "तुमचं होऊ दे आधी." कारण उठलं की गप्पा बुडाल्या! टकलूमामा तर रोज यायचे. डोक्यावर औषधालाही केस नाही. पण मामी गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं, म्हणून येऊन बसायचे. बाक भरलेला दिसला की दादा खूश. त्यांच्या लेखी धंदा चालणं म्हणजे तेच. समोरची शिंपीणताई दुसऱ्या मुलखातली. दुपारी दुकानाला कुलूप लावून पोरांसोबत निवांत जेवता आलं, की तिच्या लोकांत धंदा चालला म्हणतात. कुणी कुणाच्या यशात नाक खुपसत नव्हतं.

मग दादांचा पुतण्या परदेशातून शिकून आला. तिकडे म्हणे, गिऱ्हाइकाला थांबावं लागलं नाही की दुकान यशस्वी. लोक एकमेकांना नंबर देताना पाहून त्याला वाटलं, इथे सगळा गोंधळच आहे. फोनवर वेळ ठरवूनच यायचं, असा नियम त्याने केला आणि मला मागच्या बोळात कचऱ्याच्या डब्याशेजारी आपटलं. माझा पाय मोडला. दादा नुसते बघत राहिले! पुतण्यापेक्षा त्यांचाच मला जास्त राग आला.

दुकान जोरात चाललं, खोटं कशाला बोलू? पण टकलूमामांनी वेळ मागायची ती कशासाठी? ते काचेतून आत बघायचे आणि परत जायचे. एके दिवशी मला शोधत बोळात आले आणि त्या घाणीत, माझ्या उरलेल्या तीन पायांवर तोल सांभाळत बसले. दादा केर टाकायला आले, त्यांनी ते पाहिलं.

दादांनी मला ओढत आत नेलं, मोडक्या पायाखाली वीट सरकवली आणि मामांना बसवलं. पुतण्याने विचारलं, "काका, यांचं कापायचं काय?"

"काही नाही," दादा म्हणाले. "ते बसायला आलेत. आणि दुकान माझं आहे."

वीट अजून तशीच आहे. पाय बसवायला कुणाला सवड नाही. तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्यावर कोण बसतं ते बघा. आणि परत आणलीत, तर नीट दुरुस्त तरी करा!